केशराचा वाफा

रेणुकादास वकिलांना नवी टूम लागते आणि राबतो मी, त्यांचा माळी व्यंकट. हैद्राबादच्या मित्रानं त्यांना काश्मिरी केशराचे कांदे दिले, ते त्यांनी माझ्या पुढ्यात टाकले. नांदेडच्या उन्हात केशर! मी कडुनिंबाखाली वाफा केला, वर ओलं गोणपाट बांधलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तोवर टूम बदलली. कोर्टात आलेल्या नव्या मुन्सफसाहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, बॅडमिंटन आवडतं, म्हणून त्याच जागी मैदान करायचं ठरलं. रविवारपर्यंत एक तरी फूल दाखव, नाहीतर सोमवारी गडी वाफा सपाट करतील, असं मला बजावलं.

रविवारी पहाटे फूल आलं. जांभळं, आत तीन लाल केसर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे फूल दिवसभरात मान टाकतं, म्हणून धावत वकिलांकडे गेलो. संध्याकाळी मुन्सफसाहेबांना घेऊनच बघू, आधी कामं उरक, म्हणाले.

कामं म्हणजे काय! स्टेशनावरून पार्सल सोडवा. लढाईमुळं रॉकेलला ही रांग, तिथं उभे राहा. वकिलांच्या आईचा, उमाबाईंचा गुडघा दुखतो, वैद्यांनी दुपारची वेळ दिलीय, लेप आणा. शिंप्याला शेरवानीची आठवण द्या. माळी ठेवला होता की हरकाम्या, देव जाणे. प्रत्येक ठिकाणी माझा जीव त्या वाफ्यात अडकलेला.

संध्याकाळी मुन्सफसाहेबांसमोर गोणपाट बाजूला केलं. नुसता देठ.

ओसरीवरून उमाबाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळी मी खुडलं ते. देवीला वाहिलं. अरे, फुलाचं पुण्य झाडवाल्याला असतं, तुलाच लागेल."

पुण्य! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचं नाही, म्हणून वकील पाहुण्यांना घेऊन देवघराच्या दारात गेले. हळदीकुंकवात चिकटलेला जांभळा चोथा दिसला. हेच का केशर, असं मुन्सफसाहेबांनी हसून विचारलं. वकिलांनी मान खाली घातली आणि सगळा राग माझ्यावर काढला. म्हातारी निरांजनाची वात सारत बसली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सोमवारी गडी फावडी घेऊन आले, तर उमाबाई वाफ्याच्या कडेला पाट टाकून बसलेल्या, हातात पूजेचं तबक. देवीला फूल देणाऱ्या मातीत फावडं घालू देणार नाही म्हणाल्या. गडी घाबरून मागं सरले. वकील चडफडले, पण आईपुढं त्यांची वकिली कधीच चालली नव्हती.

वाफा वाचला. मी मात्र त्यांचे आभार मानले नाहीत. मला ठाऊक होतं त्या कशासाठी बसल्या आहेत. त्यांच्या गुडघ्याशीच दुसरी कळी उमलत होती. ती पुरती उघडली, तशी म्हातारीची बोटं देठाकडे गेली.

"आईसाहेब, ह्याला हात लावायचा न्हाई," मी म्हणालो.

त्या घरात नोकरानं असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. उमाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हात मागं घेतला. तेवढ्यात वकिलांनी पोस्टात जाण्यासाठी हाक मारली. परत मारली. मी फुलाजवळ फतकल मारून बसलो आणि ओ दिली नाही.