दारातली थंडी

"दारात उभं असताना थंडी वाजली, तरच कपडे बरोबर," हा रेइयोचा धावण्याचा नियम. जरा धावलं की अंग तापतं, जास्तीचे कपडे घामाने भिजतात आणि ओला माणूस गारठून मरतो, हे त्या बर्फाळ मुलखातल्या पोरासोरांनाही ठाऊक. त्या सकाळीही बायकोने, आइलाने, जाड कोट पुढे केला, तर तो हसायलाच लागला. "अगं बाई, धावायला चाललोय. बर्फात भोक पाडून मासे धरत बसायला नाही!" लोकरीचा पातळ सदरा आणि वर वारा अडवणारं जाकीट, एवढ्यावर तो गेला. कोट खुंटीवरच राहिला.

नियम खराच होता, पण धावणाऱ्यासाठी. गोठलेल्या केमी नदीवर रेइयोचा पाय मोडला. गारठून मेलेला सापडला, तेव्हा तो किनाऱ्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत सरपटत आला होता.

शवपेटीत निजवताना नणंद म्हणाली, "वहिनी, काळा सूट घालूया ना त्याला."

आइलाने खुंटीवरचा तो कोट आणला होता. त्याचे ताठरलेले हात तिने एकेक करून बाह्यांत कोंबले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आता कुठे धावायचंय तुला?" ती म्हणाली. "घाल मुकाट्याने."