मागच्या भिंतीतला दरवाजा

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीत कॉम्प्युटरवर बसून नोकरी करणारी धनश्री पहिलीच. बाप धुडकू, खानदेशातून आलेला, उधन्याला कापडाच्या लूमवर, आई मंगलाबाई घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची, आणि धाकटा भाऊ ललित कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस मिलमध्ये घडी-पॅकिंगच्या हॉलात. लेक ऑफिसला निघाली की मंगलाबाई दारात उभी राहायची. शेजारणी विचारायच्या, “पोर काय काम करते गं?” मंगलाबाईला ते नीट सांगता यायचं नाही. “चित्रं काढते, पण हाताला रंग लागत नाही,” एवढंच ती म्हणायची.

ऑफिस रिंग रोडवर, एका साडी मार्केटच्या वरच्या मजल्यावर होतं. ‘रंगरेषा डिजिटल’. त्या वर्षांत सुरतेत ‘डिजिटल’ हा शब्द नवा होता आणि पाटीवर तो सगळ्यात मोठा होता. चपला बाहेर काढायच्या, कारण मशीनला धूळ चालत नसे. एसीही मशीनसाठीच, माणसं शाल घेऊन बसत. मालक जयंत सर मूळचे नाशिकचे, बँकेतली नोकरी सोडून या धंद्यात पडलेले. धनश्रीला त्यांनीच शेजारी खुर्ची ओढून माउस धरायला शिकवलं होतं. कधी आवाज चढवून बोलले नाहीत.

काम म्हणजे साड्यांचे कॅटलॉग. एकाच साडीचा फोटो काढायचा आणि तिचे बाकीचे सगळे रंग कॉम्प्युटरवर करायचे. मॉडेलच्या दंडावरचा डाग पुसायचा, कंबर थोडी आत घ्यायची. मागे व्यापारी उभा राहून सांगत असायचा, “थोडुं ब्राइट करो ने, बेन.” संध्याकाळी जिना उतरताना धनश्रीला खरे रंग फिके दिसत. तरी तिला ते काम आवडायचं. हातात कसब आहे हे तिला कळलं होतं, आणि जयंत सर गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, “आमची धनश्री काहीही करू शकते.”

ललितच्या मिलचं काम आलं तेव्हा तिला कोण आनंद झाला! मिलला परदेशात माल पाठवायचा होता, म्हणून चकचकीत माहितीपुस्तक हवं होतं. फोटो स्क्रीनवर उघडले आणि तिनं ललितला लगेच ओळखलं. टेबलाशी उभा, केस चापून बसवलेले. फोटोसाठी हॉल रिकामा केला होता. एरवी त्या मागच्या भिंतीला छतापर्यंत गठ्ठे रचलेले असत, असं ललित सांगायचा.

जयंत सर तिच्या मागे येऊन थांबले. “परदेशी पार्टीला हॉलला दोन दरवाजे लागतात. आगबिग लागली तर म्हणून. यांना एकच आहे. मागच्या भिंतीत दुसरा काढायचाय.”

“काढायचा म्हणजे?”

“म्हणजे तू काढायचास.” ते हसले. “शेठ म्हणतात, दिवाळीनंतर भिंत फोडून खरा बसवणारच आहेत. आपण थोडं आधी दाखवतोय, इतकंच.”

तिनं दरवाजा केला. दुसऱ्या एका फोटोतून उचलला, भिंतीच्या तिरपेपणाला बसवला, खाली जमिनीवर सावली टाकली, वर हिरवी पाटी लावली. मूठ जरा घासलेली दाखवली, म्हणजे रोज वापरातला वाटेल. ती बारीक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मिलच्या शेठनी तो फोटो मोठा करून गेटजवळच्या ऑफिसात फ्रेममध्ये लावला.

एक प्रत तिनं घरी आणली. ललित बघतच राहिला. “ताई, आमना हॉलमा इतला भारी दरवाजा कव्हय लागना वं?” तो पोट धरून हसला. आई-बापही हसले, आणि धनश्रीही.

दिवाळी झाली. भिंत कुणी फोडली नाही. माल मात्र परदेशी जाऊ लागला, गठ्ठे वाढले आणि नवी माणसं भरली. त्यात किसन होता. साक्रीकडचा, नुकतं लग्न झालेला. खोली मिळेपर्यंत तो ललितबरोबर जेवायला घरी यायचा. मंगलाबाईची कळण्याची भाकरी खाताना म्हणायचा, “मावशी, हाऊ गावनाच सवाद शे.” धनश्रीशी तो खाली मान घालून बोलायचा. एकदाच त्यानं विचारलं, “ताई, गेटवरना तो फोटो तुम्ही कया ना? भारी शे.” तिला बरं वाटलं होतं.

आग लागली ती भर दुपारी. बटणाच्या बोर्डात ठिणगी उडाली आणि पॉलिएस्टरच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. पुढच्या दरवाजाजवळच पेटलं होतं, तरी धुरातून, अंगावर ओली गोणी घेऊन, बरेच जण बाहेर पडले. ललितचे दोन्ही हात भाजले. आत राहिलेल्यांत किसन होता.

सिव्हिल हॉस्पिटलात ललित छताकडे बघत पडला होता. धनश्री त्याच्या उशाशी बसली. तो एकदम म्हणाला, “तो मना मांगेच व्हता, ताई.”

“मग?”

“मी दरवाजाकडे पळालो. तो उलटा वळला. गठ्ठे ओढाया लागला, मागच्या भिंतीचे. मी आरडलो, किसन, तठे दरवाजा नही शे रे, इकडे ये! त्यानं ऐकलं नाही. त्यानं मला विचारलेलं, गठ्ठ्यांच्या मागं तो फोटोतला दरवाजा आहे ना? मी म्हटलं, हो, मना बहिनना दरवाजा शे तो. मस्करीत म्हटलं. त्याला मस्करी कळलीच नाही.”

धनश्रीला ती मूठ आठवली. घासलेली.

दुसऱ्या दिवशी ती थेट सरांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. जयंत सर पांढरेफटक पडले. उठून त्यांनी दार लावून घेतलं, परत बसले, पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

“आपण चित्रं काढतो, धनश्री. भिंती बांधत नाही.”

“सर, तो त्या दरवाजाकडे गेला.”

“हे बाहेर कुणाला बोलू नकोस. तुझ्यासाठी सांगतोय. तुझा भाऊ त्याच मिलमध्ये आहे.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “मिलची श्रद्धांजलीची जाहिरात आलीय. उद्याच्या पेपरला द्यायचीय. पेपरच्या जाहिराती करणारा पराग सुट्टीवर आहे.”

गेलेल्यांचे फोटो मिलकडे नव्हते. होता एक पूजेच्या दिवशीचा एकत्र फोटो. त्यातून एकेक चेहरा कापून काढायचा होता. किसनच्या खांद्यावर ललितचा हात होता. तो हात पुसावा लागला. धनश्रीनं ते काम केलं. जाहिरातीत मिल ‘शोकाकुल परिवार’ होती.

किसनचा बाप, शालिग्राम, गावाहून आला होता; ललितला हॉस्पिटलातून घरी सोडल्यावर तो त्याला भेटायला आला. धनश्रीला राहवलं नाही. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिनं सांगून टाकलं की तो दरवाजा खोटा होता आणि तो तिनं केला होता.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. “बेटी, फोटोमा दरवाजा कसा करतस?”

तिनं समजावायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटर, दुसरा फोटो, सावली. बोलता बोलता तिलाच ते सगळं खुळचट वाटू लागलं.

“माले काही समजत नही,” शालिग्राम म्हणाला. “तू पोर शे. तू काय करशी.” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं. मग संकोचत त्यानं विचारलं, “मना आंडोरना, किसनना, एखादा फोटो शे का तुनाजोडे? सुनबाईजोडे एकबी नही.”

तिनं ऑफिसात जाऊन जाहिरातीतला चेहरा मोठा करून छापून दिला. खांद्याजवळ जिथं हात पुसला होता, तिथं शर्टाचा रंग जरा वेगळा दिसत होता. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं नाही. त्यानं तो फोटो धोतराच्या घडीत गुंडाळून पिशवीत ठेवला आणि स्टेशनाकडे गेला.

त्यानंतर ती ऑफिसला गेली नाही. चौकशी झाली, कागद पुढे सरकले, मिल पुन्हा सुरू झाली. हात बरे झाल्यावर ललित त्याच हॉलात परत गेला, कारण भाजलेल्या हातांना दुसरीकडे कुणी घेईना. धनश्री आईबरोबर टिकल्या लावत बसली. पण टिकल्या लावताना डोकं रिकामं राहायचं, आणि रिकाम्या डोक्यात किसन गठ्ठे ओढत राहायचा. मग ती दुसऱ्या ऑफिसांत विचारून आली. सगळीकडे तेच काम होतं. शेवटी होळीनंतर ती जयंत सरांकडेच परतली. तिची खुर्ची तशीच होती.

पहिलंच काम एका बिल्डरचं निघालं. डिंडोलीच्या पलीकडे रिकामी जमीन होती, चिखलात म्हशी बसलेल्या. त्या फोटोत बाग करायची होती, झोपाळे आणि खेळणारी मुलं.

“हे सगळं होणार आहे का, सर?” तिनं विचारलं.

जयंत सर चष्मा पुसत होते. “मी विचारलं नाही,” ते म्हणाले.

पाठीमागे बिल्डरचा माणूस घाई करत उभा होता. धनश्रीनं शाल खांद्यावर ओढली आणि आधी म्हशी पुसायला घेतल्या.