चार डोक्यांची कासवं

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग ऐका. मी सतरंजी आहे, सर्बियातल्या पिरोत गावच्या शाळेत व्हरांड्यात टांगलेली. माझ्या लाल अंगावर बारा कासवं आहेत आणि प्रत्येकाला चार डोकी, एक पाय, एक शेपूट. विणणारीचा हात चुकला असं समजू नका. मला सूड म्हणून विणलंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा मी नुसती लोकर होते, वर्गातल्या टोपलीत पडलेली. नेवेनाबाई पहिलीच्या मुलांना संगणकासाठी सूचना लिहायला शिकवायच्या. मुलं तीस, संगणक दोन. मग बाईंनी युक्ती काढली. गावातल्या विणकर पर्सिदा आजीला तिच्या विणायच्या मागासकट वर्गात आणून बसवलं.

"मुलांनो, आजपासून आजी म्हणजे संगणक," बाई म्हणाल्या. "स्वतःचं डोकं वापरायला त्यांना बंदी. तुम्ही सांगाल तेवढंच करणार."

"साठ वर्षांत एवढा आराम मला कुणी दिला नव्हता गं," आजी म्हणाली.

कासव विणून घ्यायला मुलं दोरीवर चिठ्ठ्या अडकवायची. 'डोकं', मग 'चार वेळा', लगेच पुढे 'पाय', शेवटी 'शेपूट'. 'चार वेळा' ज्याच्या आधी, ते चार वेळा. आजी वाचायची आणि तस्संच विणायची. कासव बिघडलं की पोरं ओरडायची, "आजी, हे काय केलंस?" ती चिठ्ठीकडे बोट दाखवायची. मग पोरं चिठ्ठीची जागा बदलायची, आजी उसवून पुन्हा विणायची. जमलं की त्याच सूचना संगणकात घालायच्या आणि पडद्यावर तेच कासव उमटायचं. सात वर्षांची दुन्या तर आजीने विणलेली ओळ दाबायला लाकडी पंजा ठोकायच्या आत चूक सांगायची. मी त्या टोपलीत फार सुखात होते.

एक दिवस मुख्याध्यापक ब्लागोये दारात येऊन उभा राहिला.

"हा संगणकाचा तास आहे की म्हाताऱ्यांचा कट्टा?"

"सर, मुलं विचार करायला शिकतायत."

"विचार घरी करा. इथे बटणं दाबा."

आठवड्याच्या आत बाईंची बदली दूर डोंगरातल्या शाळेत झाली. तास बंद पडला. माग तळघरात गेला आणि मी टोपलीसकट कोळशाच्या ढिगावर. तो काळा भुगा माझ्या धाग्याधाग्यांत शिरला आणि त्याच्याबरोबर रागही शिरला.

वसंतात कळलं की मुलांना हातांनी शिकवण्याच्या नव्या पद्धतीला राजधानीतून बक्षीस मिळणार आहे, आणि ब्लागोयेने अर्ज स्वतःच्या नावाने ठोकलाय. चोर तो चोर, वर शिरजोर! तिथल्या एक बाई शाळा बघायला येणार होत्या. त्यांना दाखवायला सतरंजी हवी, म्हणून तो एक कागद घेऊन आजीकडे गेला.

"आजी, सूचना मी स्वतः लिहिल्यात. हा कागदही पाहुण्यांना दाखवायचाय. एक अक्षर बदलायचं नाही."

आजीने चष्मा लावला. 'चार वेळा. डोकं. पाय. शेपूट.' खाली लफ्फेदार सही.

"एकही अक्षर नको बदलू म्हणतोस?"

"मुख्याध्यापक मी आहे की तू?"

"तूच रे बाबा, तूच."

आजीने मला धुतलं, रंगवलं आणि तळघरात दार लावून पाच आठवडे विणलं. दर ठोक्याला ती बाईंचं नाव पुटपुटायची. ब्लागोये एकदाही डोकावला नाही. वर्गात तरी त्याने कधी नीट पाहिलं होतं?

तो दिवस उजाडला. रिवाजाप्रमाणे पाहुण्यांपुढे पाव आणि मीठ धरून झालं, भाषण झालं, आणि त्याने स्वतःच्या हातांनी मला उलगडलं. सगळ्यांनी माना पुढे काढून डोकी मोजली. मग मागच्या रांगेतला एक बाप फिस्सकन हसला.

"उलटी धरलीय! पलटवा, पलटवा!" ब्लागोये ओरडला.

पिरोतच्या सतरंजीला उलटी बाजू नसते, दोन्हीकडून ती सारखीच असते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला पलटवलं. अठ्ठेचाळीस डोकी तिकडूनही त्याच्याकडेच बघत होती. लोक पोट धरधरून हसले.

"या म्हातारीने मुद्दाम केलंय!"

आजीने एप्रनच्या खिशातून कागद काढला आणि पाहुण्या बाईंच्या हातात दिला. दुन्याने टाचा उंचावून वाचला.

"'चार वेळा' पायाच्या आधी हवं होतं. सोप्पं आहे."

"तुला कुणी शिकवलं, बाळ?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"नेवेनाबाईंनी. त्यांना सरांनी डोंगरात धाडलं."

शरदात नेवेनाबाई परत आल्या. तास सुरू झाला, बक्षीसही त्यांच्याच नावाने आलं. पाहुण्या बाईंच्या सांगण्यावरून मला ब्लागोयेच्या खोलीसमोर टांगलं. तो रोज दार उघडतो आणि मी रोज त्याला दिसते.

मला जाळावं, तर पिरोतचा माणूस चांगली लोकर जाळत नाही, त्याचा जीव तुटतो. म्हणून तो आजीच्या मागे लागला.

"आजी, उसव ना ही."

"उसवते की. सूचना लिहून आण. मी संगणक, सांगितल्याशिवाय काही करत नाही."

त्याने लिहिलं, 'सगळं उसव.' आजीने विचारलं, "सगळं म्हणजे? माझा स्वेटरपण?" त्याने लिहिलं, 'दोरा ओढ.' "कुठला? किती वेळा?" दुन्या प्रत्येक कागदावर लाल पेन्सिलीने फुली मारते. तेव्हा मी भिंतीवर खुशीत झुलते.

पण काल तो वर्गाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाई, हे 'किती वेळा' जरा समजावून सांगता?" बाई मऊ मनाच्या. त्यांनी पोरांची बुटकी खुर्ची पुढे केली. तो बसला, गुडघे कानांपाशी. अर्ध्या तासात पहिली ओळ बरोबर आली. अशा आणखी ओळी जमल्या, की आजीला मला उसवावंच लागेल.

बाई, तुमच्या पाया पडते. गावातल्या सगळ्या पोरांना शिकवा, त्यांच्या आज्यांना शिकवा, वाटलं तर त्यांच्या शेळ्यांनाही शिकवा. त्याला एकट्याला शिकवू नका.