खालच्या मजल्याचं नाव

आनंदरावांनी मोडेमची पिन बोर्डात खोचली, दिवे लागले, आणि जे त्यांनी पंधरवडाभर कागदात गुंडाळून ठेवलं होतं ते भिंतींच्या आरपार निघून गेलं.

ते आधी प्रीतीच्या लक्षात आलं. तिच्या फोनवर आसपासच्या वाय-फायची नावं एकाखाली एक उमटली होती. 'शिवशक्ती', 'स्वामीकृपा', 'जोशी सेकंड फ्लोअर'. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यात जोरकस रेघांसह, 'जयभीम वानखेडे'.

"बाबा," ती म्हणाली, "मोडेमनं जुनंच नाव लावलंय."

आनंदरावांनी चष्मा वर सरकवून तिच्या फोनात पाहिलं. मग छताकडे पाहिलं. छताच्या वर घरमालकीण नंदिनीताई राहायच्या.

इंदोऱ्याच्या वस्तीतल्या जुन्या घरी हे नाव प्रशिकनं, प्रीतीच्या मोठ्या भावानं, बंगलोरला नोकरीला जायच्या आधी टाकलं होतं. तिथं गल्लीत तसल्या नावांचे तीन-चार मोडेम होते, कोणाचं लक्षही जायचं नाही. इथं धरमपेठेत ते आले होते प्रीतीच्या आईसाठी, जयाबाईंसाठी. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं, दवाखाना इथून पायी दहा मिनिटांवर होता, आणि खोल्या तळमजल्यावर होत्या. अशी जागा मिळायला पाच घरं फिरावी लागली. चार ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न आला होता, आणि त्याचं उत्तर दिल्यावर कोणाचा पुतण्या तर कोणाची बहीण अचानक राहायला येणार होती.

नंदिनीताईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. "वानखेडे म्हणजे कुठले?" एवढंच विचारलं. "नरखेडकडचे," आनंदराव म्हणाले. "हां, संत्र्याचे बगीचेवाले," असं नंदिनीताईंनी स्वतःच ठरवलं, आणि आनंदरावांनी मान हलवली नाही की नकारही दिला नाही. त्या दिवसापासून बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर जुन्या चादरीत बांधून पलंगाखाली होती. घरात कोणी विचारलं की आनंदराव म्हणायचे, "भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत म्हणे. अटच आहे त्यांची."

"बंद कर ते आधी," आता ते म्हणाले.

"बंद केल्यावर नाव कसं बदलू? त्याचं पान मोडेममध्येच असतं. चालू राहिला तरच उघडते."

"म्हणजे नाव मिटवाले बी ते ओरडतच राहणं आलं?"

"हो."

"काय मशीन आहे," आनंदराव म्हणाले. तीस वर्षं त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली होती, मशीनला ते सहसा नावं ठेवत नसत. "दुपारी लाइनवाला येईन. त्याच्या आधी कर बापा."

प्रीतीनं ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाकला. पांढरं गोल फिरत राहिलं आणि थोड्या वेळानं, पान उघडू शकत नाही, असं आलं. तिनं पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

भौतिकशास्त्रात एमएस्सी करताना तिला एक सवय लागली होती. प्रयोग चुकला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि विचार करू लागली. लाइन अजून जोडलेली नव्हती. म्हणजे मोडेमजवळ नाव होतं, पण नेट नव्हतं. फोनला हे कळलं असणार, आणि नेट नाही म्हटल्यावर तो गुपचूप सिमच्या डेटावर गेला असणार. ती मोडेमला हाक मारत होती, आणि फोन ती हाक बाहेर, टॉवरकडे पाठवत होता.

तिनं मोबाइल डेटा बंद केला. या वेळी उत्तर लवकर आलं, पण तेच.

"काहून वं, झालं का?"

"थांबा ना बाबा. एक कारण गेलं, दुसरं आहे."

दुसरं पत्त्यात होतं. ती पाठ असलेला पत्ता टाकत होती, सगळीकडे चालतो तो. पण या मोडेमचा तोच असेल असं कोणी सांगितलं? तळाचं स्टिकर आनंदरावांनी ओल्या फडक्यानं पुसून पुसून कोरं केलं होतं. तिनं फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये गेटवेचा आकडा शोधला. एका ठिकाणी एकाऐवजी शून्य होतं. तेवढं बदललं, आणि निळ्या पट्टीचं, साधंसं पान समोर आलं. नाव आणि पासवर्ड मागणारं.

"पासवर्ड?"

आनंदराव जरा लाजले. "माह्या शेवटच्या गाडीचा नंबर टाक. रिटायर झालो त्या दिवशी जिचं गिअरबॉक्स केलं."

"माहीत आहे का मला तो?"

त्यांनी तो जरासुद्धा न अडखळता सांगितला. पान उघडलं. चौकटीत लिहिलं होतं, 'जयभीम वानखेडे'. त्याच्या खाली एक छोटा चौकोन, आणि त्यापुढे, 'नाव दाखवू नका'.

"हे काय?"

"यावर टिक केली की नाव तसंच राहते, पण कोणाला दिसत नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच जोडता येते."

आनंदरावांनी चौकोनापुढचे शब्द पुन्हा वाचले. "मंग तेच कर," ते म्हणाले. "नाव काहाले मिटवतं? राहू दे. फक्त दिसू नको देऊ."

प्रीतीनं टिक केली. खाली 'जतन करा' होतं, त्यावर बोट नेलं, आणि ते तिथंच थांबलं. इतका सोपा उपाय सापडल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. नंदिनीताई होत्या, एका हातात साबुदाण्याच्या उसळीची वाटी, दुसऱ्यात फोन.

"नाश्त्याला केली होती, म्हटलं तुम्हालाही थोडी द्यावी," त्या म्हणाल्या. "जयाबाई कशा आहेत? आणि हो, माझ्या फोनवर मघापासून एक नवीनच नाव येऊन राहिलं." त्यांनी स्क्रीन दूर धरली आणि वाचलं. नाव त्यांच्या तोंडून दोन तुकड्यांत आलं, मध्ये श्वास घेतल्यासारखं. "दुसऱ्या मजल्यावर विचारलं, त्यांचं नाही. तुमचं आहे का?"

आनंदरावांनी वाटी घेतली होती. ती हातातच राहिली.

"ते असं आहे ताई, मोडेम जुना आहे," ते म्हणाले. "ते कंपनीवाले पोट्टे काहीबी टाकून देते..."

"आमचंच हाय."

आवाज आतून आला. जयाबाई काल डायलिसिस करून आल्यापासून पडून होत्या, झोपल्या असाव्यात असं दोघांना वाटत होतं. "आमचंच हाय, नंदिनीताई. माह्या पोरानं ठेवलं."

नंदिनीताईंनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग फोनकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "बरं बरं." आणि जिना चढून गेल्या.

आनंदराव पलंगाशी जाऊन उभे राहिले. "जया, हे घर तुह्यासाठी घेतलं."

"माह्यासाठी घेतलं, तं मले विचारलं होतं का? पलंगाखाली कोणाले ठेवलं, अन् त्यायच्याच वरतं झोपून राहिली मी. झोप येते का?" त्यांना दम लागला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "प्रीती, वाटी धुऊन दे त्यांची. रिकामी नको देऊ."

प्रीतीनं फळांच्या टोपलीकडे पाहिलं. भेटायला येणारे सगळे संत्री आणायचे आणि जयाबाईंना डायलिसिसमुळे तीच वर्ज्य होती. "संत्री भरते."

"नाही. फळ तं कोणी बी कोणाचं घेते. शिजवून दे. खीर कर."

प्रीतीला अर्थ कळला. तिनं तांदूळ धुतले. जयाबाई पडल्यापडल्या सांगत राहिल्या, दूध केव्हा, साखर किती, वेलची शेवटी. स्वतःला ती खीर चालणार नव्हती.

वाटी झाकून ती वर गेली. नंदिनीताईंनी दार उघडलं, झाकण उचललं, पुन्हा ठेवलं.

"मला शुगर आहे गं," त्या म्हणाल्या.

हे खरं होतं की निमित्त, ते ओळखण्याचं काही साधन प्रीतीजवळ नव्हतं. ती म्हणाली, "आईनं साखर कमीच टाकायला सांगितली," आणि वाटी पुढे धरून उभी राहिली. जिन्यात खालून कुकरची शिट्टी ऐकू आली, कोणाची तरी स्कूटर फाटकातून बाहेर गेली. हात दुखायला लागला, तरी तिनं तो खाली घेतला नाही.

नंदिनीताई आत गेल्या. दार उघडंच होतं. परत आल्या तेव्हा हातात चमचा होता. त्यांनी उंबऱ्याच्या आत उभं राहून एक चमचा खाल्ला, हळू, प्रीतीकडे न बघता.

"लोक मला विचारतील," त्या म्हणाल्या.

"मग?"

नंदिनीताईंनी वाटी घेतली आणि दार लोटलं, कडी मात्र लावल्याचा आवाज आला नाही.

खाली आनंदराव प्रीतीचा फोन हातात धरून बसले होते. पान तसंच उघडं होतं, टिक तशीच होती, जतन न केलेली.

"घेतली?"

"खाल्ली. माझ्यासमोर."

"किती?" जयाबाईंनी आतून विचारलं.

"एक चमचा."

"आजच्या दिवसाले पुरे."

आनंदरावांनी चौकोनातली टिक बोटानं काढली आणि पान बंद केलं. मग वाकून पलंगाखालचं गाठोडं ओढलं, चादर सोडली. खिळा ठोकायचा नव्हता. त्यांनी तसबीर फडक्यानं पुसली आणि मोडेमशेजारी, भिंतीला टेकून उभी केली.