नऊच्या गाडीले पुरन

सरकारनं पंच्याहत्तरीच्या वरच्या बुढ्यायले एसटी फुकट केली. लय चांगलं केलं. फक्त एसटी आमच्या गावात येत नाही, एवढीच गोम. ते तीन किलोमीटरवर, रोहिणखेडच्या रस्त्याले, फाट्यावर थांबते. तिथवर जो चालत जाऊ शकते तो मानूस अजून बुढा झालाच नाही, असं मी म्हनतो.

मी पुंजाजी, वय अठ्ठ्याहत्तर. वांगे-मिरच्या लावून जन्म काढला. माह्या बायकोची, शालूबाईची, साखर डोयात उतरली. एक डोया गेलाच, दुसराबी धुरकट झाला. दुसऱ्यासाठी तीन इंजेक्शनं सांगतले, महिन्याले एक. इंजेक्शनवाला डॉक्टर बुलढान्याले महिन्यातून एकच दिवस येते. तो म्हने, तारीख चुकवू नका, चुकली तर मंग मले बोलू नका. बुढीचे गुडघे गेलेले, मोटरसायकलवर टांग टाकता येत नाही. गावातला एकुलता आटो पहाटेच भाजी घेऊन मोताळ्याले जाते. पोरगा गोकुळ पुन्याले. फोनवर म्हनते, "बाबा, काही सोय पाहा ना." पाहूनच राह्यलो बे, दुसरं काय करून राह्यलो!

अर्जुनराव आमचे रिटायर मास्तर. त्यायनं चाळीस बुढे-बुढ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातल्या आन् आगाराच्या फाटकात सतरंजी टाकली. दोन दिवस बसलो, भाकरी तिथंच खाल्ली. तिसऱ्या दिवशी आगाराचे साहेब वाकले. महिनाभर सकाळची नऊची गाडी गावात येईन, पन तीनदा उशीर झाला की फेरी बंद, नाहीतर कायमची, असं ठरलं. आमी म्हटलं, हाव.

पयल्या दिवशी गाडी आली. आता गाडी गावात येते आन् नारळ फोडू नाही? चाकाले हळद-कुंकू लावलं, ड्रायव्हर-कंडक्टरले टोपी-उपरनं दिलं, साखर वाटली. अर्धा तास गेला. एक उशीर झाला.

चौथ्या दिवशी सोजराबाई चहाची किटली घेऊन गाडीच्या दारातच उभी राह्यली. म्हने, दारात आलेला मानूस कोरड्या तोंडानं गेला तर आमच्या गावाचं नाव काय राहीन? दुसरा उशीर. अर्जुनरावाचा पारा चढला. "आता कोनी ड्रायव्हरले पानीबी पाजलं तर माह्याशी गाठ आहे," असं त्यायनं चावडीवर बजावलं. म्या सगळ्यात जोरात मान हालवली होती.

दहाव्या दिवशी त्याच गाडीनं शालूले नेलं, पयलं इंजेक्शन झालं. आठवड्यानं ते ओट्यावर उभी होती. गाडी वळून राह्यली होती आन् ते म्हनते, "अवो, पाटीवर बुलढाणा लिहेल आहे." मले तिथंच रडू आलं. बापा, चार महिने या बाईले माह्यं तोंड दिसलं नव्हतं!

मंग काय, दुसऱ्या दिवशी पुरन घातलं. नऊ वाजता म्या ड्रायव्हरचा हात धरला.

"बाबा, टाईम होऊन राह्यला," तो म्हने.

"दोन घास बापू. तुह्या गाडीनं माह्या बुढीचा डोया वाचवला, तुले उपाशी कसा जाऊ देऊ?"

दोन घासायच्या चार पोया झाल्या, वरून तूप. कंडक्टरलेबी बसवलं. बावीस मिनिटं गेले. तिसऱ्या दिवशी कागद आला, फेरी बंद. कारन लिहेल होतं, गावकऱ्यायमुळे उशीर.

मले कोनी शिवी देल्ली नाही. देल्ली असती तर बरं झालं असतं. अर्जुनराव एवढंच बोलले, "पुंजाजी, तुमीबी?"

दुसऱ्या इंजेक्शनच्या तारखेले चौघायनं शालूले उचलून ट्रॉलीत बसवलं, फाट्यावर नेलं. आमाले उतरवून ट्रॅक्टर शेताच्या कामाले गेला. तीन गाड्या गेल्या, गच्च भरेल, एकबी थांबली नाही. उन्हात दुपार झाली. आमी घरी आलो.

मंग आमी पुन्हा सतरंजी टाकली, या खेपेले पाच दिवस. साहेब त्याच अटीवर कबूल झाले. मारुतीच्या पारावर चाळीसही जनायनं शपथ घेतली की चहा नाही, पानी नाही, रामरामबी नाही. गाडी आली की आमी रांगेत खालमुंड्या उभे. ड्रायव्हर खिडकीतून म्हने, "बाबा, काही चुकलं काय आमचं?" मी आपल्या चपलायकडे पाहत राह्यलो. महिनाभर एक मिनिट उशीर झाला नाही. फेरी कायमची झाली.

पुढच्या तारखेले शालूले नेलं. डॉक्टरनं बॅटरी मारून पाह्यलं आन् सांगतलं, आता इंजेक्शन वाया जाईन, काका.

याले सहा महिने झाले. रोज नऊले हॉर्न वाजते आन् बुढी भिंत धरत धरत ओट्यावर येते.

"आली काहो?"

"आली."

"त्याले चहा देल्ला का कोनी?"

"नाही."

"बरं केलं." एका दिवशी मात्र अजून एक वाक्य बोलली. "तुमी आपल्या एकट्याच्याच जिवाले खाऊ नका. पुरन म्याच पाट्यावर वाटलं होतं."

म्या तिचा हात धरला आन् तिले उंबऱ्याच्या आत आनलं. गाडी टाईमावर गेली.