सत्तावीस तळ्यांची वाडी

पाणलोटाच्या कामावर आलेल्या यशोधराने उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या नकाशात वाडीला भर एप्रिलमध्ये सत्तावीस तळी होती. प्रत्यक्षात आठवड्याला दोन टँकर यायचे, तेही वाटेतलं कान्ह्याचं रेल्वे फाटक उघडं मिळालं तर.

पाणलोटाचा आराखडा आजच पाच वाजेपर्यंत तालुक्याला द्यायचा होता, आणि उन्हाळ्यात पाणी असलेल्या वाडीला बंधारा मिळणार नव्हता.

देवळाच्या ओट्यावर भरलेल्या सभेत रखमाजी आबांनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. त्यांच्या एकट्याच्या वावरात तीन तळी निघाली होती. मासे कधी सोडू, एवढंच त्यांनी विचारलं, आणि सभा हसली. रतनबाई मात्र हसल्या नाहीत. रिकामा हंडा कमरेवर घेऊन उठल्या.

"चल बाई, जवळचं तळं दाव."

मोबाइल बघत यशोधरा पुढे, मागे रतनबाई, त्यांच्यामागे अख्खी सभा. मोबाइलने पोचल्याचं जाहीर केलं तेव्हा यशोधरा घोटाभर राखेत उभी होती. भाताची रोपं टाकायला शेण, पाला, गवत पसरून भाजलेला राब होता तो. वरून काळा दिसला, संगणकाने पाणी म्हटलं.

रतनबाईंनी हंडा राखेत ठेवला.

"भर."

यशोधराचे कान तापले. जळकी जमीन उपग्रहाला पाण्यासारखी भासू शकते, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते.

मग नेहमीच्या सवयीने तिने विचारलं, राब इथेच का?

"हितं पाणी ठरत न्हाई म्हणून," आबा म्हणाले. "साचलं की रोप कुजतंय."

म्हणजे पाणी न थांबणाऱ्या सत्तावीस जागा नकाशाने बिनचूक शोधल्या होत्या.

"मग थांबतं कुठं, मावशी?"

रतनबाईंनी राखेने काळा झालेला अंगठा नकाशावर, ओढ्याच्या वळणावर टेकवला. "हितं. खाली खडक हाय. होळीपातूर ओल असती."

यशोधरा वळणापर्यंत उतरली, खडक पाहिला, उतार मोजला. अंगठा बरोबर होता. नवा नकाशा छापायला वेळ नव्हता. तिने 'तळी' खोडून 'राब' लिहिलं आणि पाचला दहा कमी असताना तालुक्याच्या कचेरीत शिरली.

"हा काळा डाग कसला?" साहेबांनी विचारलं.

"बंधाऱ्याची जागा. खूण करणाऱ्याने आधी स्वतः पाहिलेली नकाशावर तेवढी एकच आहे, सर."

साहेबांनी शिक्का उचलला आणि अंगठ्याला धक्का न लावता जरा बाजूला मारला.