आधी सांगा, काय खाल्लं?

मी एक जुना संगणक आहे. जुळे सोलापुरात गंगाधरकाकांच्या खिडकीशी बसून मला अठरा वर्षं झाली. माझे भाग देशोदेशींचे, पण जुळणी सोलापुरातलीच. तरुणपणी माझा पंखा असा फिरायचा की काकांचा ओला सदरा त्या वाऱ्यावर वाळायचा. खोटं वाटतं? मग त्या पंख्याचा आवाज अक्कलकोटपर्यंत जायचा, हे तर मी सांगतच नाही.

काका गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या पोटात 'गोठा' नावाचं इंटरनेटवरचं चर्चापीठ उघडलं. गाई-म्हशी पाळणारी माणसं तिथं प्रश्न लिहायची, जाणती माणसं सावकाश उत्तरं द्यायची. वीज गेली की मी बंद, चर्चाही बंद. "काकांकडं लाईट गेली वाटतं," म्हणत सभासद धारा काढायला जायचे. नियम एकच होता: जनावरानं काय खाल्लं हे विचारल्याशिवाय औषध सांगायचं नाही. भांडणं? व्हायची की! म्हशीला गूळ द्यावा की नाही, यावर दोघांची अकरा दिवस जुंपली होती. पण अकराही दिवस ते गुळावरच बोलले, एकमेकांच्या आईबापावर गेले नाहीत.

पुढं घरोघरी मोबाइल आले. माणसं सोशल मीडियावर पांगली, 'गोठ्या'त जुनी मोजकीच उरली. मी धूळ खात बसलो. सूनबाई अंकिता म्हणायची, "बाबा, हे खोकं भंगारात द्या. तिकडं एका व्हिडिओला लाख लोक असतात."

"लाख लोक जत्रेत बी असतात की गं," काका म्हणायचे. "म्हणून दुखणं घेऊन कुणी जत्रेत जातं व्हय?"

फाल्गुनातली दुपार होती, मित्रांनो. अक्कलकोटकडच्या नागव्वाची एकुलती एक म्हैस गोठ्यात बसली ती उठेना. त्याच म्हशीच्या दुधावर तिचं घर. तिनं आधी सोशल मीडियावर लिहिलं: तोंडाला फेस, पाय लटपटतात, पोट फुगलंय. घटकाभरात दोनशे उत्तरं आली. तेल पाज. ताक पाज. हात जोडलेली चित्रं. एकानं तर विचारलं, "म्हैस विकायची आहे का?"

घाबरून तिनं 'गोठ्या'तही लिहिलं. माढ्याच्या कोंडीबाचं उत्तर लगेच आलं: "आधी सांगा, काय खाल्लं?"

"कडबाच की रोजचा."

"आज चरली कुटं?"

तेव्हा नागव्वाला आठवलं. ज्वारी काढलेल्या रानात सकाळी म्हैस मोकळी सोडली होती. बुडख्यांना हिरवे कोवळे फुटवे आले होते.

हे वाचताच काकांनी फोन लावला. "नागव्वा, ते फुटवे जनावराला इख हाय! डॉक्टरला बोलाव, फुटवे खाल्ले एवढंच सांग. काय आणायचं ते त्याला कळतंय."

"अय्यो काका, तेलाची बाटली तोंडाला लावलीया की!"

"काढ ती! ठसका लागला तर तेल फुप्फुसात जाईल."

शेजारच्या गावातून डॉक्टर फटफटीवर आले, सुई टोचली. काका फोन कानाला धरून उभे, अंकिता त्यांच्या मागं उभी. दिवस कलता कलता पलीकडून म्हशीचं रेकणं ऐकू आलं. अंकितानं ओढणीच्या टोकानं माझी धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी नागव्वानं 'गोठ्या'त लिहिलं: "चूक माझी हाय. फुटव्यात म्हैस सोडली. तुमी सोडू नका." ती दोनशे उत्तरं केव्हाच वाहून गेली. ही ओळ मी जपून ठेवली आहे.

मित्रांनो, मी गर्दीला नावं ठेवत नाही. लग्नाचं आवतण द्यायला गर्दी उत्तमच. पण अडलं-नडलं तर जिथं आधी तुम्हालाच प्रश्न विचारतात, तिथं जा. आणि चुकलात तर तिथं लिहून ठेवा. अशा जागा जपा, त्या आपोआप टिकत नाहीत.

परवा कुर्डुवाडीच्या बजाबाईनं नागव्वाची ओळ वाचली आणि फुटवे आलेल्या रानाच्या बांधापर्यंत गेलेली गाय दाव्याला धरून माघारी आणली. गाय वाटभर हिसडे देत होती. काय टळलं, ते तिला कळलंही नाही.